‘क्रॉप’ कॅमेऱ्याला कमी लेखू नका

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत कॅमेरा खरेदीविषयी लेख आला होता. लेख चांगला होता, मी कात्रण काढून ठेवले आहे. पण त्यात एक विधान असे होते की लग्नामुंजीचे फोटो काढणाऱ्याने फुल फ्रेमच घ्यावा, क्रॉप सेन्सर म्हणजे कापलेले चित्र. (सेन्सर म्हणजे कॅमेऱ्यातला उजेड टिपणारा तुकडा; मोठा तो फुल फ्रेम, लहान तो क्रॉप.) त्याबद्दल लिहिल्यावाचून राहवत नाही, कारण त्याच आठवड्यात आमच्या स्टुडिओत काम करणारा मुलगा या एका शब्दापायी दीड लाखाचे कर्ज काढायला निघाला होता.

मी इंदूरची. रामबागेत घर आणि जवळच सासऱ्यांनी सुरू केलेला लहानसा स्टुडिओ. 1985 साली लग्न होऊन आले आणि दोन वर्षांत डार्करूम माझ्या ताब्यात आली. तेव्हापासून रामबाग, लोकमान्य नगर, सुदामा नगर इथल्या मराठी घरांतल्या किती मुंजी, बारशी नि साठीशांती कॅमेऱ्यातून पाहिल्या याची गणती नाही. आता बाहेरचे बरेचसे काम हा मुलगा करतो. चोवीस वर्षांचा आहे, मला काकू म्हणतो, आणि हात फार चांगला आहे त्याचा. त्याच्याकडे निकॉनची डी 7200 आहे. तिच्यात क्रॉप सेन्सर असतो. स्टुडिओत एक फुल फ्रेमही आहे, 2018 साली मी जुनी घेतलेली डी 750.

झाले असे की सुदामा नगरातल्या एका लग्नाची बोलणी जवळजवळ पक्की झाली होती. मुलीच्या भावाने फोनवर शेवटचे विचारले, “फुल फ्रेम आहे ना?” याने खरे ते सांगितले, की माझी क्रॉप आहे, काकूंची फुल फ्रेम त्या दिवशी दुसऱ्या कामावर असेल. दुसऱ्या दिवशी निरोप आला, आम्ही दुसरीकडे ठरवले. अल्बम उघडून बघायचीसुद्धा तसदी कोणी घेतली नाही. त्या संध्याकाळी हा एका कॅमेऱ्याच्या दुकानात गेला. तिथल्या माणसाने सांगितले की क्रॉपमध्ये उजेडच कमी येतो, 50 ची लेन्स 75 ची होऊन बसते (हा आकडा लेन्सच्या मिलिमीटरांचा; जितका मोठा तितके दृश्य जवळचे नि अरुंद), चेहऱ्याचा आकारही बदलतो, तुमच्या लेन्सा वाया चालल्या आहेत. हा 24 हप्त्यांचे कागद घेऊनच परत आला. सही तेवढी बाकी होती.

मी म्हटले, “सही उद्या कर. आधी एक पुठ्ठा कापू या.”

आमच्याकडे फिल्मच्या काळातले 6 बाय 4 चे प्रिंट खोक्यांनी पडून आहेत. त्यातला एक काढला: एका मुंजीतले मातृभोजन, मधे बटू नि आई, दोन्ही बाजूंना मावश्या-आत्या. फुल फ्रेमचा सेन्सर 36 बाय 24 मिलिमीटरचा असतो, म्हणजे जुन्या 35 मिमीच्या रोलवरच्या एका फ्रेमएवढा. निकॉन-सोनीचा क्रॉप साधारण 23.5 बाय 15.6 चा, म्हणजे दोन्ही बाजूंनी दीडपट लहान. (कॅननचा आणखी थोडा लहान, 1.6 पट.) मग 6 बाय 4 च्या प्रिंटवर क्रॉपची खिडकी किती? 4 इंच बाय पावणेतीनला जरा कमी. तेवढी खिडकी पुठ्ठ्यात कापली आणि प्रिंटवर ठेवली. मावश्या-आत्या झाकल्या गेल्या. बटू होता तसाच, आईचे नाक होते तेवढेच, मागच्या समईचे नि तिचे अंतर होते तेवढेच. पुठ्ठा उचलला, पुन्हा ठेवला. तो बघत राहिला.

लेन्स बदलत नाही, 50 ची 50 च राहते. फक्त कडा पुठ्ठ्याखाली जातात. चेहरा चपटा दिसणे की नाक मोठे दिसणे हे फोटोग्राफर किती लांब उभा आहे त्यावर ठरते. क्रॉपवाला कडा परत फोटोत आणायला मागे सरकतो, म्हणून चेहरा बदललासा वाटतो. आणि तोच माणूस जागेवर उभा राहून 35 ची लेन्स लावील तर चित्र जवळपास फुल फ्रेमवरच्या 50 सारखे येईल. हे कुणीही घरी जुना फोटो नि कात्री घेऊन करून पाहावे.

आता उजेडाचे. आमच्या सासऱ्यांचा लाइट मीटर अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. ते याशिकावर 120 चा रोल वापरत, 6 बाय 6 सेंटिमीटरच्या बारा फ्रेमा. नंतर घरात 35 मिमीचा कॅमेरा आला. दोन्हींसाठी मीटर एकच. मीटरने कधी विचारले नाही की फिल्म केवढी आहे. f/4 (हे लेन्सच्या छिद्राचे माप, आकडा लहान तर छिद्र मोठे) आणि एक साठांश सेकंद म्हणाला की दोन्हीकडे तेच लावायचे नि दोन्हीकडे निगेटिव्ह बरोबर यायची. सेन्सरचेही तसेच आहे. एकच छिद्र, एकच शटर, एकच आयएसओ (उजेडाला दाद देण्याचे माप) ठेवा, फोटो दोन्हीवर सारखाच उजळ येतो.

तरी दुकानदाराच्या बोलण्यात एक खरा धागा आहे आणि तो लपवून मला माझी बाजू मांडायची नाही. मी त्या मुलाला असे सांगितले: पाऊस पडताना अंगणात एक परात ठेव आणि शेजारी एक ताटली. दोन्हींच्या कडा सारख्या उंचीच्या धर. पाण्याची उंची दोन्हीत बरोबरीने चढते. पण शेवटी ओतून मोजलेस तर परातीत पाणी जास्त निघेल. उंची म्हणजे एक्स्पोजर, ते सारखे. एकूण पाणी म्हणजे एकूण उजेड, तो मोठ्या सेन्सरला जास्त मिळतो. 36 गुणिले 24 म्हणजे 864 चौरस मिलिमीटर आणि क्रॉपचे सुमारे 367. सव्वादोन पटीहून थोडा जास्त फरक, म्हणजे आमच्या भाषेत एक स्टॉप (उजेड दुप्पट होणे) आणि वर थोडेसे. काळोखात आयएसओ चढवावा लागतो तेव्हा हा फरक नॉइजच्या दाण्यांत दिसतो. फुल फ्रेमवर 6400 ला जेवढे दाणे, साधारण तेवढे क्रॉपवर 2800 च्या आसपास.

म्हणूनच मी डी 750 घेतली. विद्यापीठाच्या सभागृहात मराठी नाटके होतात, तिथे फ्लॅश चालत नाही आणि चालूही नये. रंगमंचावर रात्रीचा प्रसंग, एक निळा दिवा, नट वळून बघतो तो अर्धा क्षण. तिथे हा एक स्टॉप मला खरोखर लागतो. अनंत चतुर्दशीला कापड गिरण्यांच्या झांक्या, म्हणजे दिव्यांनी सजवलेले फिरते देखावे, निघतात तेव्हाही तेच. झांकीवरचे दिवे डोळे दिपवणारे आणि समोर ढोलवाल्याचा चेहरा अंधारात. घरी आल्यावर संगणकावर तो चेहरा वर उचलताना मोठ्या सेन्सरची फाइल जास्त सोसते. ज्याचे काम असे रात्रीचे आहे त्याने फुल फ्रेम जरूर घ्यावा, पै-पै जमवून घ्यावा.

पण लग्न? लग्नात मांडवाला दिवे असतात, व्हिडिओवाल्याचे वेगळे दिवे असतात, आपल्याकडे फ्लॅश असतो. आणि या मुलाच्या बॅगेत त्या वेळी लेन्स कोणती होती? कॅमेऱ्याबरोबर आलेली 18-140, जी झूम पूर्ण ताणली की f/5.6 वर जाते. 5.6 च्या जागी f/1.8 ची लेन्स लावली तर उजेड नऊ पटीहून जास्त मिळतो. सेन्सर बदलून सव्वादोन पट, लेन्स बदलून नऊ पट. आणि दुकानवाला त्याला देत होता तो फुल फ्रेम 24-120 f/4 च्या लेन्सबरोबर. मी कागदावर आकडे मांडून दाखवले: त्या f/4 च्या फुल फ्रेमपेक्षा याच्या क्रॉपवर 35 ची f/1.8 लावली तर एकूण उजेड अंदाजे दुप्पट जमा होतो. झूमची सोय जाते हे खरे. गुरुजी एकदा होमाजवळ बसले की मागेपुढे सरकायला जागा नसते, तिथे झूमच हवी. पण हळदीच्या खोलीत, मुलगी आरशासमोर बसलेली असताना, खिडकीच्या उजेडात 35 f/1.8 काय देते ते ज्याने पाहिले त्याला सांगायला नको.

तसेच मागचे धूसर दिसण्याचे, ज्याची आजकाल फार हौस आहे. चौकट सारखी ठेवली तर फुल फ्रेमवर मागचे एका स्टॉपहून थोडे जास्त विरघळते. f/1.8 क्रॉपवर जे दिसेल ते फुल फ्रेमवर सुमारे f/2.7 ला दिसते. एकट्या नवरीच्या फोटोत हे छान. पण तीन रांगांचा कुटुंबाचा ग्रुप घेताना मला नेमके उलटे हवे असते. पुढे जमिनीवर मुले, मधे खुर्चीवर आजी-आजोबा, मागे उभे काका-मामा, आणि सगळ्यांचे डोळे टोकदार हवेत. तिथे क्रॉप f/5.6 ला जे काम करतो त्यासाठी फुल फ्रेमला f/8 लागतो, म्हणजे मोठ्या सेन्सरचा उजेडाचा फायदा तिथल्या तिथे खर्च होतो.

क्रॉपने मलाही एकदा रडवले आहे, ते सांगते. फिल्म सोडून आम्ही डी 70 घेतली तेव्हाची गोष्ट. 6 मेगापिक्सेलचा कॅमेरा, हातात धरला तेव्हा सगळे जग जिंकल्यासारखे वाटले होते. पहिलीच मुंज एका जुन्या वाड्यात. माझी भरवशाची लेन्स 24 ची. फिल्मवर तिच्यात सात फुटांवरून साडेदहा फूट रुंदीची पंगत मावायची, ते अंतर माझ्या पायांना पाठ होते. मी नेहमीच्या जागी, पाठ भिंतीला लावून उभी राहिले आणि व्ह्यूफाइंडरमध्ये पाहिले तर पंगत सातच फूट. दोन्ही टोकांची माणसे बाहेर. मागे सरकायला भिंत. बटूची पणजी डावीकडच्या टोकाला बसली होती, नव्वदीच्या पुढची. मी दोन वेगवेगळे फोटो घेतले, पण सगळ्यांचा मिळून एक झाला नाही. अल्बम नेताना बटूच्या आईने काही म्हटले नाही, नुसते पान उलटून पुन्हा मागे आणले. ते मी विसरलेले नाही. पुढे क्रॉपसाठीच बनवलेली 10-20 ची लेन्स घेतली आणि अडचण संपली. चूक सेन्सरची नव्हती, मी त्याच्या मापाची लेन्स नेली नव्हती.

जुन्या लेन्सांवरून एक आठवले, तेही नव्या लोकांसाठी सांगून टाकते. आमच्या पिढीची 50 f/1.8 डी ही लेन्स जुन्या बाजारात स्वस्तात मिळते आणि मुले हौसेने घेतात. तिच्यात फोकस फिरवणारी स्वतःची मोटर नाही, ती बॉडीतल्या मोटरवर फिरते. डी 7200 नि डी 750 मध्ये मोटर आहे. डी 5600 सारख्या हलक्या बॉड्यांत नाही, तिथे फोकस हाताने करावा लागतो. हा फरक सेन्सरच्या मापाहून रोजच्या कामात जास्त नडतो, पण तो कोणी विचारत नाही.

आता अल्बमचा हिशेब. आमच्याकडे बहुतेक पार्ट्या 12 बाय 36 ची शीट घेतात, म्हणजे उघडल्यावर 18 इंचांची दोन पाने. एका पानभर एकच फोटो लावला, 300 डीपीआयने (दर इंचाला 300 ठिपके), तर 5400 बाय 3600 पिक्सेल लागतात. डी 7200 देते 6000 बाय 4000. डी 750 देते जवळजवळ तेवढेच. म्हणजे पानाला पुरून उरते, दोन्हीकडे. मी आणि त्या मुलाने त्याच दिवशी दोन्ही कॅमेऱ्यांनी सारखे फोटो काढले, दुपारी गच्चीवर आणि रात्री देवघरात एका समईच्या उजेडात. 12 बाय 18 चे प्रिंट काढले, मागे पेन्सिलीने खूण केली आणि लॅबवाल्यासमोर ठेवले. हा माणूस वीस वर्षे रोज प्रिंट पाहतो. रात्रीचे त्याने लगेच ओळखले. देव्हाऱ्याच्या काळ्या लाकडावर बोट ठेवून म्हणाला, इथे दाणा आहे, हा क्रॉप. दुपारचे मात्र त्याने उलटे सांगितले. मुलाने दोनदा मागची खूण तपासली.

पाखरांचे फोटो काढणाऱ्यांना तर क्रॉप उपयोगीच पडतो. हिवाळ्यात मी सिरपूर तलावावर जाते. 300 ची लेन्स लावली की लांबचा वारकरी पक्षी किंवा खंड्या सेन्सरवर तेवढाच मिलिमीटरभर पडतो, सेन्सर कुठलाही असो. पण 24 मेगापिक्सेल लहान जागेत दाटीने बसलेले असल्यामुळे पाखरावर पिक्सेल जास्त येतात. डी 750 च्या फोटोतून तेवढाच तुकडा कापला तर हाती जेमतेम 10-11 मेगापिक्सेल उरतात. एरवी त्यासाठी 450 ची लेन्स लागली असती, तिचे वजन माझ्या खांद्याला आता झेपत नाही.

सगळा घोळ मला वाटते ‘फुल’ या शब्दाने केला आहे. आपल्याकडे फुल म्हणजे पूर्ण, आणि जे पूर्ण नाही ते अर्धवट. पण पूर्ण कशाच्या मानाने? एकोणिसाव्या शतकातले नामवंत छायाचित्रकार राजा दीनदयाळ यांनी कॅमेरा हातात धरला तो याच इंदुरात, बांधकाम खात्यात नकाशे काढण्याची नोकरी करत असताना. इंदूरचे राजे दुसरे तुकोजीराव होळकर यांनी त्यांना उत्तेजन दिले. ते काचेच्या मोठमोठ्या प्लेटांवर काम करत. 35 मिमी ही तर सिनेमाची पट्टी. ऑस्कर बार्नाक यांनी जर्मनीत लाइट्झ कंपनीत ती आडवी फिरवून सिनेमाच्या दोन फ्रेमांएवढी एक फ्रेम केली, 36 बाय 24, आणि 1925 मध्ये लायका कॅमेरा लोकांसमोर आला. तेव्हा ते माप फार लहान समजले जाई. माझे सासरेसुद्धा 35 मिमीला शेवटपर्यंत ‘छोटा रोल’ म्हणत. ग्रुप फोटो मोठा करायचा असेल तर हट्टाने याशिकाच काढत. डिजिटल आले तेव्हा एवढा मोठा सेन्सर बनवणे फार महाग होते. सिलिकॉनच्या एका तबकडीतून मोठे तुकडे कमी निघतात आणि एखादा दोष आला की मोठा तुकडा वाया जातो. म्हणून 1999 च्या निकॉन डी 1 मध्ये लहान सेन्सर आला, आणि जुन्या लेन्सावाल्यांना आपले जुने माप परत मिळावे असे वाटू लागले. त्या मापाचे नाव फुल फ्रेम पडले. एका पिढीचा छोटा रोल पुढच्या पिढीचा फुल झाला. आज फुल फ्रेमपेक्षा मोठ्या सेन्सरचे कॅमेरेही बाजारात आहेत.

तेव्हा संपादक महोदय, माझी विनंती एवढीच की त्या विधानाची दुरुस्ती छापावी. ‘कापलेला’ हा शब्द तरी काढावा. लहान सेन्सर, मोठा सेन्सर असे म्हटले तरी चालेल. आणि कार्य ठरवणाऱ्या घरांना सांगावे की फोटोग्राफरकडे एका लग्नाचा सबंध अल्बम मागा, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत. निवडक दहा फोटो मोबाइलवर कुणाचेही चांगले दिसतात. रात्रीच्या वरातीचे पान कसे आहे, ग्रुपमध्ये मागच्या रांगेचे डोळे स्पष्ट आहेत का, गर्दीत आजी कुठे हरवली तर नाही ना, ते बघा. कॅमेरा दोन आहेत का हेही विचारा, कारण ऐन मंगलाष्टकांत एक बंद पडला तर दुसरा हवा.

आमच्या मुलाने त्या कागदांवर सही केली नाही. 35 f/1.8 ची लेन्स आणि दुसरा एक फ्लॅश घेतला, दोन्ही रोखीने. नाटकाच्या रात्री तो माझी डी 750 नेतो, आणि मी त्याची डी 7200 घेऊन सिरपूरला जाते. पुठ्ठ्याची ती खिडकी काउंटरवर काचेखाली ठेवली आहे; कोणी फुल फ्रेम विचारले की तो आधी ती बाहेर काढतो.

कळावे, लोभ असावा.

आपली,
एक छायाचित्रकार वाचक,
रामबाग, इंदूर